वरचा मजला

मिस्त्रींनी तीन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवून ठेवल्या होत्या. भेग जागच्या जागी असेल तर काच शाबूत राहणार, वाढत असेल तर तडकणार. रविवारी सकाळी साडेनऊला ते शिडी घेऊन आले, तेव्हा तिन्ही भावंडं आईच्या मागे ओळीनं उभी होती. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी उभी राहत, अगदी तशीच.

"दोन गेल्या," मिस्त्री शिडीवरून म्हणाले. "वरची आणि मधली. खालची टिकून आहे."

"म्हणजे काय?" भाऊनं विचारलं.

"म्हणजे मागची भिंत बसतेय."

"झालं तर मग," भाऊ म्हणाला आणि त्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं नजर खाली वळवली, पण मान किंचित हलवली. आठवडाभर दोघांचं फोनवर हेच चाललं होतं. आईला भाऊच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी न्यायचं, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे. हे घर विकून टाकायचं. तिसरीला, म्हणजे टिल्लीला, शेवटी सांगायचं, कारण ती आकाशपाताळ एक करणार हे ठरलेलंच होतं. टिल्ली चव्वेचाळीस वर्षांची, घरात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत हट्टी. ती पाळण्यात असताना ठेवलेलं नाव तिची उंची पाहूनही कुणी बदललं नव्हतं.

"काय झालं?" आई म्हणाली. "मिस्त्री अजून शिडीवरून उतरलेदेखील नाहीत. त्यांना बोलू दे."

"आई, भिंत बसतेय म्हणाले ते. अजून काय बोलायचं राहिलंय?"

"घर पडू द्यायचं नाही आणि विकायचंही नाही," टिल्ली म्हणाली. "जसंच्या तसं दुरुस्त करायचं. मी आधीच सांगून ठेवते."

"तू सांगून ठेव गं," भाऊ म्हणाला. " रात्री अंगावर भिंत आली तर तुझं सांगणं मध्ये धरू आम्ही."

"एका वेळी एक लाईन!" आईनं हात वर केला आणि सगळे गप्प झाले. एकतीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानात चार आवाज एकदम आले की त्यातला एक निवडायचा आणि बाकीच्यांना थांबवायचं, ही सवय सत्त्याहत्तराव्या वर्षीही गेली नव्हती. "मिस्त्री, बोला तुम्ही."

मिस्त्रींनी खाली उतरून हात झटकले. तोलूनमापून बोलणारा माणूस. "बाई, हे घर बांधलं तेव्हा एकमजली होतं. पाया तेवढ्याच हिशेबाचा आहे. वरचा मजला नंतर चढवलेला दिसतो."

"माझ्या मिस्टरांनी चढवला. रविवारी सुट्टी असायची छापखान्याला, तेव्हा. दोन वर्षं चाललं होतं."

"काम बरं आहे. पण पायाला विचारून केलेलं नाही. त्यात वरच्या न्हाणीघराची नळी भिंतीच्या आतून गळतेय. किती वर्षं, देव जाणे. आधी वजन झालं, मग पाणी मुरलं. माती मऊ झाली."

भाऊ काहीतरी बोलणार होता. पण आईनं त्याच्या आधीच विचारलं, आणि तेही किती वाजले विचारावं इतक्या सहज.

"आणि वजन उतरवलं तर?"

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. हा प्रश्न कुणी विचारील असं त्यांना वाटलं नसावं. निदान तिच्याकडून तरी नाही.

"वरचा मजला उतरवायचा? पुरा?"

"पुरा. विटा, कौलं, न्हाणीघर, सगळं. खालची गच्ची तेवढी ठेवायची. पाया मागच्या बाजूनं पक्का करायचा. मग?"

"मग काय," मिस्त्री म्हणाले, "मग हे घर तुम्हाला पुरून उरेल, बाई." आणि आपण काय बोलून बसलो हे लक्षात येऊन ते चाचरले. "म्हणजे, मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"उरू दे की," आई हसली. "मी कुठे त्याच्याशी शर्यत लावलीय? चहा घेणार ना?"

*

"आमची खोली पाडायची?" मिस्त्री चहाचा कप घेऊन अंगणात गेले न गेले तोच भाऊ म्हणाला. "आमची खोली?"

वहिनी, म्हणजे भाऊची बायको, ओट्यापाशी कप विसळत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "अहो, कालपर्यंत तुम्ही अख्खं घर विकायला निघाला होतात."

"विकणं वेगळं आणि पाडणं वेगळं."

"घेणारा काय त्यात दिवाबत्ती करून बसणार होता? दुसऱ्या दिवशी बुलडोझर आणला असता त्यानं."

"तो आणील तर आणील. आपण नाही ना आणणार!"

यावर टिल्लीला हसू यायला हवं होतं. एरवी भाऊ असा कोंडीत सापडला की ती पार दारापर्यंत पाठलाग करायची. पण आज तिनं त्याला सोडून दिलं. मुद्रितं तपासण्यात तिचा जन्म चालला होता. चुकलेला स्वल्पविराम तिला पान उलटतानाच दिसे. आज मात्र वाक्यच कुठे चुकलं हे तिला सापडत नव्हतं. ती आईच्या बाजूनं भांडायला आली होती. दोन रात्री जागून मुद्दे काढले होते. आणि आता आईच पलीकडे जाऊन बसली होती.

"आई, तू हे मनापासून म्हणतेयस?" तिनं विचारलं.

"मग काय मिस्त्रींची करमणूक करत होते?"

"बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलाय तो मजला."

"मला माहीत आहे कुणी बांधलाय. विटा खालून मीच देत होते. तू तेव्हा पोटात होतीस."

"आणि तरी?"

"आणि तरी," आई म्हणाली. "मला या घरात राहायचंय, टिल्ले. आठवणीत राहायचं असतं तर मला स्वयंपाकघर कशाला लागलं असतं?"

भाऊ ताडकन उठला आणि मागच्या दारानं बाहेर पडला.

*

मागच्या अंगणात तो बराच वेळ त्या गळक्या नळीपाशी उकिडवा बसला होता. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये त्याच्या हाताखाली बावीस माणसं होती. कुठली गाडी अजून दहा वर्षं पळेल आणि कुठली भंगारात काढायची, हे तो इंजिनाच्या आवाजावरून सांगत असे आणि सहसा चुकत नसे. या घराचाही निकाल त्यानं आठ महिन्यांपूर्वीच लावला होता. आई खालच्या न्हाणीघरात घसरून पडली, त्या दिवशी. दोन तास ती फरशीवर होती. शेजारणीनं हाक मारली म्हणून कळलं. हाड मोडलं नाही, पण त्या दोन तासांचं काय? त्या वेळात आपण डेपोत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खात होतो, हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं.

वहिनी येऊन शेजारी उभी राहिली.

"तू तिला समजाव," तो म्हणाला. "तुझं ऐकते ती."

"मी नाही समजावणार."

"का?"

"कारण मला त्यांचं पटतंय." वहिनीनं पदराला हात पुसले. "तुम्हाला वाटतं त्या आपल्याकडे सुखात राहतील. राहतील, महिनाभर. मग माझा डबा कुठे आणि त्यांचा कुठे, हे सुरू होईल. त्या काही बोलायच्या नाहीत, मीही बोलायची नाही, आणि दोघींच्या न बोलण्यात तुम्ही भरडले जाल. इथे त्या मालकीण आहेत. मला त्या मालकीण असतानाच आवडतात."

भाऊनं वर पाहिलं. वरच्या खोलीची खिडकी बंद होती. त्या खिडकीतून त्यानं पहिल्यांदा सिगारेट ओढून धूर बाहेर सोडला होता, आणि तो धूर थेट अंगणात उभ्या असलेल्या बाबांच्या डोक्यावर गेला होता. बाबा काहीच बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीला बाहेरून एक डबा टांगून ठेवला होता, थोटकं टाकायला. लाजेनं त्याची सिगारेट जी सुटली ती कायमची.

"ती पडली होती," तो म्हणाला.

"माहीत आहे हो," वहिनी म्हणाली. "मग पडू नयेत असं काहीतरी करा. तुम्ही मेकॅनिक ना?"

*

टिल्ली आणि ताई वर गेल्या. टिल्लीलाच जायचं होतं. ताई तिच्या मागोमाग गेली, कारण चोपन्न वर्षांच्या आयुष्यातली चव्वेचाळीस वर्षं ती टिल्लीच्या मागोमाग जात आली होती. इस्पितळात तिच्या हाताखाली पस्तीस परिचारिका होत्या, पण या घरात तिचं काम एकच, धाकट्यांच्या मागे राहायचं.

टिल्लीनं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

दोन लोखंडी खाटा, मध्ये टेबल, भिंतीवर भाऊनं खिळ्यानं कोरलेला ट्रकचा आकार. सगळं होतं तिथेच होतं. पण सगळ्यावर धुळीचा जाड थर होता. फरशी करडी झाली होती. तिच्यावर बुटांचे ठसे होते, दारापासून न्हाणीघरापर्यंत आणि परत. मिस्त्रींचे. दुसऱ्या कुणाच्याही पावलाची खूण नव्हती.

"आई दर शनिवारी वर झाडते," टिल्ली म्हणाली. "मला फोनवर सांगते ना, वरचं सगळं नीट आहे म्हणून."

ताईनं खाटेच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते बघत राहिली.

"ताई, ही धूळ महिन्याची नाही."

"नाही."

"तुला माहीत होतं?"

"गुडघ्यांचं माहीत होतं. जिना सोडलाय हे नव्हतं माहीत. मी आले की खालीच बसते, टिल्ले. आपण सगळेच खाली बसतो. तू तरी शेवटची कधी आली होतीस वर?"

टिल्लीनं आठवून पाहिलं. तिला सालसुद्धा आठवेना. ती खाटेवर बसली, तेव्हा धूळ उडाली आणि दोघी खोकल्या.

"पण ही आपली खोली आहे," ती हळू म्हणाली. "माझं सगळं लहानपण इथे आहे. ही गेली तर मी कुठे मोठी झाले, हे दाखवायला काय उरेल?"

ताई खिडकीपाशी गेली. ती उघडायला तिला खांदा लावावा लागला.

"एक सांगू? रागावू नकोस. ही माझी खोली नव्हती कधी."

"म्हणजे?"

"खाटा मोज ना. दोनच आहेत. हा मजला पुरा झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आजी आजारी होती, तिला रात्री पाणी द्यायला कुणीतरी हवं होतं. मी खालीच झोपले, लग्न होईपर्यंत. तुम्ही दोघं वर हसायचात ते मला खाली ऐकू यायचं. इतका राग यायचा!"

टिल्ली तिच्याकडे बघत राहिली. "तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुमचा दोष होता का?" ताई आता हसत होती. "माझं घर वेगळंच होतं, टिल्ले. तू ते पाहिलेलंच नाहीस. हा मजला नव्हता तेव्हा इथे नुसती गच्ची होती. मी आणि बाबा संध्याकाळी इथे पाठीवर पडायचो. ते दिवसभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून आलेले असायचे, हात शाईनं काळे. मला म्हणायचे, 'आता डोळ्यांना लांबचं काहीतरी दाखवू या.' आणि आम्ही लांबचं बघायचो. आई खालून ओरडायची, दोघांनाही भुका नाहीत का म्हणून. आठ वर्षं मला एकटीला मिळाले ते दोघं. मग तुम्ही आलात, भिंती उभ्या राहिल्या. चांगलंच झालं. पण माझं लहानपणीचं घर त्या दिवशी गेलं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं."

खालून भांड्यांचा आवाज आला.

"मग तू भाऊच्या बाजूनं का होतीस?" टिल्लीनं विचारलं. "विकायच्या?"

"मला वाटलं, आई दमलीय. आज सकाळी कळलं की ती दमलेली नाही, मीच दमलेय. पण माझ्या दमण्यासाठी तिचं घर कशाला विकायचं?"

*

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे पुन्हा बसले, तेव्हा कोण कुणाच्या बाजूनं आहे हे सांगणं कठीण झालं होतं. वहिनी सासूच्या शेजारी बसली होती. ताईही त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली, तेव्हा भाऊनं डोळे मोठे केले.

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

"फोनवर काय ठरलं होतं आपलं?"

"ठरलं होतं. मी बदलतेय. तोंडावर सांगतेय तरी."

टिल्ली अजून उभी होती. "आई," ती म्हणाली, "तू वर कधी गेली होतीस शेवटची?"

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. "दोन वर्षं झाली असतील. थोडी जास्तच."

"आणि दर शनिवारी झाडते म्हणून सांगत होतीस ती?"

"तुला बरं वाटायचं ना ऐकून?" आई म्हणाली. मग मात्र तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "ऐका. तुम्ही गेलात, मग हे गेले, तेव्हा मी रोज दुपारी वर जाऊन बसायची. दारं उघडायची, खाटा झटकायची. गुडघे बोलायला लागले तसं एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. मग एक दिवस अर्ध्या जिन्यात बसले आणि विचार केला, मी कुणासाठी चाललेय? वर कोणी नाही. जे आहेत ते फोन करतात, रविवारी येतात, भांडतात. मी उतरून आले. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आई थकली. मी थकले नव्हते. मी फक्त खाली आले होते."

भाऊनं टेबलावरच्या जुडीतली एक काडी उचलली आणि तिचे तुकडे करत बसला.

"भाऊ," आई म्हणाली, "तुझी लाईन. बोल."

"मला भीती वाटते," भाऊ म्हणाला. एवढंच. आणि बोलल्यावर त्यालाच नवल वाटलं, की हे चार माणसांत म्हणता येतं.

"मला माहीत आहे, बाळा. मलाही वाटली होती, फरशीवर पडले होते तेव्हा. पण त्या दोन तासांत मी काय ठरवलं सांगू? हे न्हाणीघर बदलून घ्यायचं. घर बदलायचं असं एकदाही मनात आलं नाही."

भाऊनं काडीचे तुकडे गोळा करून बाजूला सारले. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज वर्कशॉपमधला होता.

"मग माझ्या अटी ऐक. न्हाणीघर मी करणार, मिस्त्री नाहीत. फरशी खरखरीत, भिंतीला दोन्ही बाजूंनी धरायला दांड्या, आणि बसल्या जागेवरून हाताला येईल अशी घंटा. ती शेजारणीकडे वाजणार. तिच्याशी मी बोलतो. आणि काम चालू असेपर्यंत तू आमच्याकडे राहायचं."

"राहीन. तुझ्या बायकोचे डबे हलवणार नाही असा शब्द देते."

वहिनीनं चमकून वर पाहिलं. आईचा चेहरा अगदी साधा होता. मागचं दार सकाळपासून उघडंच होतं आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी कानांवर घेतलेल्या बाईचे कान अजून शाबूत होते, हे वहिनीला तेव्हा कळलं. ती आधी लाल झाली, मग खो खो हसत सुटली, आणि का हसतेय हे तिनं नवऱ्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"टिल्ले?" आई म्हणाली.

टिल्लीनं खुर्ची ओढली आणि ती बसली. "मी मदत करणार नाही," ती म्हणाली. "बघणार फक्त."

"बघ. तेही काम आहे."

*

पुढच्या शनिवारी सकाळी मिस्त्री आपली दोन माणसं घेऊन आले, तेव्हा भाऊ डेपोतला निळा डगला घालून आधीच छपरावर होता. खाटा, टेबल, पेट्या आदल्या दिवशी खाली आल्या होत्या. भिंतीवरचा ट्रक भाऊनं प्लास्टरसकट कापून काढायचा प्रयत्न केला. त्याचे तीन तुकडे झाले. त्यानं ते एका पिशवीत भरले आणि कुणाला काही न बोलता गाडीत ठेवले.

कौलं एकेक करून काढायची, हातोहात खाली द्यायची आणि अंगणात रचायची होती. छपरावर भाऊ आणि मिस्त्रींची माणसं, जिन्यात ताई, खाली वहिनी. मध्ये एक माणूस कमी पडत होता. कौलं जिन्याच्या तोंडाशी साचायला लागली.

टिल्ली अंगणात हाताची घडी घालून उभी होती. पाच मिनिटं तिनं ते पाहिलं.

"अगं, असं नाही धरायचं," ती ताईवर ओरडली. "कड तुटतेय." आणि ती जिना चढून गेली. तिची उंची अशा वेळी सगळ्या घराच्या कामी यायची. भाऊला वाकावं लागेना, ताईला हात वर करावे लागेनात. तासाभरात टिल्ली सगळ्यांना सूचना देत होती आणि मिस्त्री बाजूला बिडी ओढत बसले होते.

अकराच्या सुमारास शेवटची रांग निघाली. मग वासे निघाले. खोलीच्या चार भिंती उघड्या पडल्या आणि त्यांच्यावर आकाश आलं. भावंडं फरशीच्या मध्यावर उभी राहिली, तिघंही घामानं निथळत, केसांत कौलांचा लाल भुगा. ताई खाली बसली, आणि मग सरळ पाठीवर आडवी झाली. भाऊनं आणि टिल्लीनं एकमेकांकडे पाहिलं. "सरक," टिल्ली म्हणाली आणि तिच्या शेजारी आडवी झाली. भाऊ थोडा वेळ अवघडून उभा राहिला. मग तोही.

"काय बघायचं असतं?" त्यानं विचारलं.

"लांबचं," ताई म्हणाली.

खाली, जिन्याखालच्या बोळात, आई स्टुलावर बसून होती. त्या बोळात खिडकी नव्हती. वरचा मजला चढल्यापासून भर दुपारीदेखील तिथे दिवा लावल्याशिवाय चप्पल सापडत नसे. आता जिन्यावरून उजेड पायरी पायरीनं खाली उतरत आला होता. आधी तो भिंतीवर पडला, मग फरशीवर, मग तिच्या मांडीवर. तिनं हात पालथे केले, उताणे केले, आणि बोटांकडे पाहिलं. वर मुलं कशावर तरी हसत होती. तिघंही एकदम.

वहिनी अंगणातून आत आली आणि तिला पाहून थबकली. "आई, बरं वाटतंय ना?"

"छान वाटतंय," आई म्हणाली. "तो दिवा तेवढा बंद कर गं. उगाच जळतोय."